ताईचा संगीतकार, माझा संगीतकार

आम्हा दोघी बहिणींचं आयुष्यभर एकाच माणसावरून वाजलं, आणि तो माणूस आम्ही कधी पाहिलासुद्धा नव्हता. आमच्या जन्माच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तो युरोपात संगीत लिहीत होता. त्याचं नाव इथं देत नाही. आमच्या घरातही ते फारसं घेतलं जायचं नाही. ताई त्याला 'माझा' म्हणायची. पण तिचा होता तो तरुणपणातला तेवढाच. पुढं त्यानं लिहिण्याची तऱ्हा बदलली, एकदा बदलली, मग पुन्हा बदलली, आणि त्या बदललेल्या माणसाला ताई 'तुझा तो' म्हणायची. "तुझा तो परवा रेडिओवर लागला होता. बंद केला मी."

भोरसारख्या गावात हे वेड कुठून आलं, असं लोक विचारतात. अण्णा, म्हणजे आमचे वडील, भोरच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांचे वडील संस्थानी काळात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत, त्यामुळं पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत वाचायची विद्या घरात होती. वाजवायला मात्र काही नव्हतं. मग पाचगणीचा एक बंगला रिकामा होत असताना अण्णांनी तिथला जुना पियानो घेतला आणि पेंढ्यात गुंडाळून, कांद्याच्या ट्रकमधून घरी आणला. आळीतली माणसं तो उतरवायला धावली. एकानं विचारलं, "मास्तर, कपाट लई जड हाय, आत काय भरलंय?"

पियानोबरोबर एक ट्रंक आली. तिच्यात स्वरलेखनाची पुस्तकं होती आणि थोड्या रेकॉर्डी. बंगल्यात राहणाऱ्या कुणालातरी हा संगीतकार आवडत असावा, पण त्याची आवड संगीतकाराच्या तरुणपणापाशीच थांबली होती. पुढचं काहीच ट्रंकेत नव्हतं. ताईच्या हाती जेवढा आला तेवढाच तिला पूर्ण वाटला.

तो तरुणपणातला माणूस खरंच भुरळ पाडणारा होता. सुरांवर सूर, एकाखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा, आणि सगळे एकमेकांत मुरलेले. पियानोवर वाजवताना दोन्ही हात भरून जायचे. पायाखालचं पेडल दाबून धरलं की खोलीभर तो आवाज साचून राहायचा. मी ताईपेक्षा बरीच लहान. ती मला डाव्या बाजूला बसवायची आणि आम्ही दोघी मिळून चार हातांनी वाजवायचो. खालचे भारी सूर माझे, वरची नक्षी तिची. माझं चुकलं तर ती थांबायची नाही. कोपरानं ढोसायची आणि पुढं जायची. उन्हाळ्यात खिडकी उघडी असे आणि खालून जाणारी माणसं क्षणभर वर बघून पुढं जात.

पुढं मी शिकायला पुण्याला गेले. तिथं एका शिक्षिकेच्या घरी मला या माणसाची नंतरची पुस्तकं सापडली. तरुणपणानंतर त्यानं एकदम कडक, ठोकून काढल्यासारखं संगीत लिहिलं होतं. ऐकणारे बिचकले होते. त्यानंतर तेही सोडलं आणि अगदी थोडक्या सुरांत लिहायला लागला. दोन-तीन वाद्यं, दोन-तीन ओळी, मधे मोकळी जागा. मला ते वाचताना, सामान काढून टाकलेल्या खोलीत पाऊल टाकावं तसं वाटलं. मी त्यातली एक संथ रचना बसवली आणि दिवाळीच्या सुट्टीत भोरला आल्याबरोबर ताईला ऐकवली.

वाजवून झाल्यावर ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"बाकीचं कुठंय?"

"बाकीचं म्हणजे?"

"अगं, हे शिंप्यानं नुसतं माप घेतल्यासारखं झालं. कापड कुठंय?"

अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले, "असू दे. चांगलं वाजवलंन तिनं."

"वाजवलं चांगलंच. पण ज्याला एवढं सगळं येत होतं, त्यानं ते टाकून द्यावं? कुणालातरी घाबरला असेल."

मला राग आला. मी म्हटलं, "घाबरला नाही, मोठा झाला."

"मग नव्हतं व्हायचं मोठं," ताई म्हणाली आणि फराळाची ताटं घ्यायला आत गेली.

भांडण असं एवढंच. आवाज चढला नाही, कुणी रडलं नाही. पण त्या दिवाळीनंतर आम्ही चार हातांनी वाजवायला बसलो नाही. कुणी ठरवलं नव्हतं. तिनं बोलावलं नाही आणि मीही तिच्या शेजारी जाऊन बसले नाही. दुसऱ्या सुट्टीत माझी परीक्षा होती, तिसऱ्या सुट्टीत पियानोच्या पट्ट्या दमटपणानं अडकत होत्या. मग ती सवयच मोडली.

ताईनं लग्न केलं नाही. पुढं तीही पुण्याला आली आणि एका शाळेत पियानो शिकवत राहिली. मी तिथल्याच एका कॉलेजात पाश्चात्त्य संगीताचा इतिहास शिकवायला लागले, आणि माझा ठरलेला विषय झाला या माणसाच्या बदलत्या शैली. दर वर्षी फळ्यावर तीन चौकटी काढायच्या, त्यांच्यामधे बाण काढायचे, आणि माणूस एकीतून दुसरीत कसा गेला ते सांगायचं. माझ्या बोलण्यात तो नेहमी पुढं जात असे. मुलांना ते आवडायचं. एकाच गावात राहून ताई माझ्या एकाही व्याख्यानाला आली नाही. मीही तिच्या शाळेच्या कार्यक्रमांना जायचे ती चहापुरती. रविवारी एकमेकींकडं जेवायला जायचो. भाज्यांवर, नातेवाइकांवर, अण्णांच्या दुखण्यावर बोलायचो. अण्णा गेले, भोरचं घर विकलं, पियानो त्यांच्या शाळेला दिला. पण ज्या गोष्टीनं आम्हाला इतर बहिणींपेक्षा वेगळं केलं होतं, तिच्यावर मात्र आम्ही एखाद-दुसऱ्या टोमण्यापलीकडं कधी बोललो नाही.

निवृत्तीनंतर माझ्या यजमानांनी आणि मी वेल्ह्याच्या रस्त्यावर मार्गासनी गावात छोटं घर बांधलं. समोर भाताची खाचरं, मागं डोंगर. रविवारी किल्ल्याकडं जाणाऱ्या पोरांच्या मोटारसायकली, एरवी वेल्ह्याची एसटी. यजमान गेल्यावर मी तिथंच राहिले. माझा पियानो होता, तो पुढच्या खोलीत ठेवला.

एक दिवस ताईचा फोन आला. "मी शिकवणं सोडलं," ती म्हणाली.

"का गं?"

"पूर्वी पोरगं चुकलं की मला त्याच्याआधी कळायचं. हल्ली त्याचं तोंड बघून कळतं."

तिला कमी ऐकू येतंय हे मला माहीत होतं. पण ते इथवर आलंय हे तिनं लपवलं होतं. मी टेम्पो घेऊन गेले आणि तिला सामानासकट घेऊन आले. तिचा पियानो तिनं आधीच विकला होता. सामान म्हणजे कपड्यांच्या दोन बॅगा आणि ती ट्रंक.

तिच्या दोन्ही कानांत यंत्रं होती. बोलणं तिला बऱ्यापैकी कळायचं. वरच्या वस्तीवरून एक धनगराची बाई आम्हाला दूध घालायला येते. तिनं ताई बहिरी आहे असं ऐकलं आणि अंगणातूनच हाळी दिली, "आक्का, म्हशीचं देऊ का गाईचंऽऽ?"

ताई म्हणाली, "ओरडू नको बाई. कळतंय मला. गाईचं दे."

"व्हय का? मला वाटलं, अजाबात न्हाई येत ऐकू," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच मोठ्यानं ओरडली.

आल्यानंतर थोड्या दिवसांनी ताईनं माझ्या रेकॉर्डप्लेअरवर तिची आवडती रेकॉर्ड लावली. त्या माणसाच्या तरुणपणातली, मोठ्या वाद्यवृंदाची. मी स्वयंपाकघरात होते. मला सगळं नीट ऐकू येत होतं. इतक्या वर्षांनी ते दाट सूर आमच्याच घरात घुमताना ऐकून माझे हात थांबले होते. तेवढ्यात आवाज बंद झाला.

"सुई गेलीय," ताई म्हणाली. "एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात ना, तसं वाजतंय. नुसता गोंगाट."

सुई बदलली. मग स्पीकर बदलले. मग ती म्हणाली, रेकॉर्डच खराब झालीय. मी तीच रचना मोबाईलवर लावून तिच्यासमोर धरली. तिनं डोळे मिटून थोडं ऐकलं आणि मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला.

पुण्यात कान तपासणाऱ्या बाईंकडं गेलो. तरुण होत्या, समजावून सांगायची हौस होती. त्या म्हणाल्या, "हे यंत्र माणसांच्या बोलण्यासाठी असतं. आणि तुमच्या कानाच्या आतली, सूर वेगळे करणारी शक्तीच गेलीय. खूप वाद्यं एकदम वाजली की सगळं एकात एक होतं. यंत्रानं ते मोठं होईल, पण वेगळं होणार नाही."

"भात गिच्च झाल्यावर होतो तसा," ताई म्हणाली. "शितं मोकळी होत नाहीत."

"अगदी बरोबर. तुम्ही साधं संगीत ऐकून बघा ना. एखादंच वाद्य, संथ."

ताई उठली. परतीच्या वाटेवर नसरापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, तर तिनं कानातली यंत्रं काढून डबीत ठेवली. त्या दिवसापासून रेकॉर्डी ट्रंकेत गेल्या. ती सकाळी ओट्यावर बसायची, दुपारी झोपायची, संध्याकाळी रस्त्यापर्यंत चालून यायची. दूधवाली मला हळूच म्हणाली, "तुमची थोरली भन लई गप ऱ्हाती. हितं करमत न्हाई का त्यास्नी?" मी म्हटलं, तसं काही नाही. पण तसंच होतं.

मी पियानो वाजवणं तिच्यासमोर टाळायला लागले. ती मागच्या अंगणात असली की वाजवायचे. थंडीतल्या अशाच एका दुपारी मी ती दिवाळीत वाजवलेली संथ रचना काढली. दोनच ओळी आहेत तिच्यात. एक वरची, एक खालची. एक चालते तेव्हा दुसरी थांबते. मी मध्यावर आले असेन, दारात ताई उभी होती. हातात मेथीची जुडी तशीच.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ताचं. पहिल्यापासून."

मी वाजवलं. ती पियानोपाशी येऊन उभी राहिली. मेथी तिनं पियानोवरच ठेवली. एरवी तिनं कुणाला पियानोवर रुमालसुद्धा ठेवू दिला नसता.

"खालचा सूर तू लांबवतेस, तेव्हा वरचा उतरत येतो," ती म्हणाली. "मग दोघं जवळ येतात, पण भेटत नाहीत."

"हो."

"मला दोन्ही ऐकू येतायत. वेगवेगळे."

तिनं विचारलं, "कुणाचं आहे हे?"

"त्याचंच."

"तुझ्या त्याचं?" ती हसली. मेथी उचलून दाराशी गेली आणि वळून म्हणाली, "आवडलं असं समजू नकोस. ऐकू येतंय, एवढंच."

इतकी वर्षं मला जे तिच्याकडून हवं होतं ते घरात चालून आलं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण मेजवानीचा शौकीन माणूस दुखण्यानंतर पेज पितो, तेव्हा पेज करणाऱ्यानं कसला आनंद मानायचा? ताईनंच एकदा तसं म्हटलं, "तुझा तो म्हणजे माझं पथ्य झालंय."

पथ्य म्हणून का होईना, ती रोज मागायला लागली. मग एक दिवस म्हणाली, "सरक." मी डावीकडं सरकले. खालची ओळ माझी, वरची तिची. रचना एकट्यानं वाजवायची, पण आम्ही ती वाटून घेतली.

आणि तेव्हा मला जे कळलं त्याची हळहळ अजून जात नाही. ताई ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं वाजवत होती. मी ती रचना इतकी वर्षं कोरडी, नेमकी वाजवत आले होते, कारण मला वाटायचं की तीच तिची खुबी. ताईनं तिची ती जुनी, ओली बोटं त्या थोड्याशा सुरांवर ठेवली. एकेक सूर असा दाबला की पुढचा येईपर्यंत त्याच्यात काहीतरी होत राहावं. हा माणूस बदलला तरी आतून तोच होता, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं आणि कधी शिकवलंही नव्हतं. ते मला तिच्या उजव्या हातातून ऐकू आलं. पण तिला त्यातलं किती ऐकू येत होतं? सुराचा लांबपणा कळत होता, उंची कळत होती. त्याचा ओलावा तिच्या कानांपर्यंत पोचत नव्हता. कान धड असताना तिनं हे वाजवलं असतं तर! तीस-चाळीस वर्षं आम्ही एकाच शहरात होतो. दोघींच्याही घरी पियानो होता.

त्याच हिवाळ्यात भोरहून अण्णांच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका आल्या. अण्णांचा पियानो अजून शाळेच्या सभागृहात आहे, मुलांना त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही, तुम्ही दोघी येऊन काही सांगाल का, वाजवाल का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. माझा ठरलेला विषय होताच. मी बोलावं, ताईनं वाजवावं.

मी पियानो सुरात लावणाऱ्या माणसाला आधी पाठवलं. त्यानं फोन करून सांगितलं की मधल्या पट्ट्या लागल्या आहेत, पण वरच्या सुरांच्या खुंट्या सैल आहेत, तारा ताण धरत नाहीत. मी ताईला म्हटलं, "हरकत नाही. आपली संथ रचना मधल्यामधेच आहे. तेवढी वाजवू."

"मी माझं वाजवणार," ताई म्हणाली.

"अगं, त्यात वरचे सूर किती आहेत! ते बेसूर लागतील."

"मला काय फरक पडतो?"

"ऐकणाऱ्यांना पडेल ना."

"ऐकणाऱ्यांतल्या कितीजणांना ते माहीत आहे?"

"मला आहे."

"मग तू कान झाकून घे," ती म्हणाली.

सभागृहात सतरंज्यांवर मुलं, मागं खुर्च्यांवर शिक्षक आणि गावातली थोडी मंडळी. अण्णांचे एक-दोन जुने विद्यार्थी काठी टेकत आले होते. मी फळ्यावर माझ्या तीन चौकटी काढल्या, बाण काढले, सोप्या शब्दांत सांगितलं. मग ताई उठली. निळी इरकल नेसली होती. पियानोपाशी बसली, पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला आणि सुरुवात केली.

खालचे सूर भरदार आले. मग तिचा उजवा हात वर गेला आणि भांड्यांच्या मांडणीला धक्का लागावा तसा आवाज झाला. पुढच्या रांगेतली मुलं एकमेकांकडं बघून हसायला लागली. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे वटारले. ताईला यातलं काही कळत नव्हतं. ती डोळे मिटून वाजवत होती. एकही सूर चुकत नव्हता. जिथं सूर फुगत जातात तिथं ती पुढं झुकत होती, जिथं विरतात तिथं मान एका बाजूला टाकत होती, अगदी भोरच्या घरात टाकायची तशी. मी कान झाकले नाहीत. मला तिच्या बोटांतलं संगीत आणि तारांतलं संगीत, एक दिसत होतं, एक ऐकू येत होतं आणि त्यांचा काही मेळ नव्हता. हळूहळू मुलं हसायची थांबली. म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं त्याला हसू नये, हे त्यांना कळलं असावं.

टाळ्या पडल्या. त्यानंतर आम्ही दोघींनी ती संथ रचना वाजवली. ती स्वच्छ झाली. लोकांना तीच जास्त आवडली असं बोलण्यावरून वाटलं.

परत येताना कापूरहोळला चहासाठी थांबलो. ढाब्यावर ट्रकवाल्यांची वर्दळ होती, म्हणून आम्ही मागच्या बाजूला चिंचेखालच्या बाकड्यावर बसलो. ताईनं विचारलं, "माझं कसं झालं?"

"वरचे सूर उतरलेले होते."

"किती?"

"बरेच."

ती चहाच्या पेल्यावर फुंकर मारत राहिली. "मला बरोबर ऐकू आले," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुझं बोलणं सगळं नाही कळलं. फळा पाहिला. ते बाण कशाला काढतेस गं?"

"तो एकीकडून दुसरीकडं गेला म्हणून."

"गेला, का जावं लागलं? लढाई झाली, वाजवणारी पोरं मेली, त्याचं घरदार सुटलं, असं तूच लिहिलंयस ना कुठंतरी? मोठा वाद्यवृंद आणणार कुठून? जी चार माणसं हाताशी राहिली त्यांच्यापुरतं लिहिलं असेल."

"ते मी दर वर्षी सांगत आले, ताई."

"सांगतेस. आणि मग बाण काढतेस." तिनं चहा संपवला. "मीसुद्धा त्याला घाबरट म्हणत आले. कुणाला विचारलं होतं आपण?"

माझ्या व्याख्यानात लढाईला एक वाक्य होतं. ते वाक्य मी खडू बदलताना म्हणायचे. हे मी तिला सांगितलं नाही. आम्ही गाडीत बसलो आणि घरी आलो.

पुढच्या पावसाळ्यात ताईला मोठा ताप येऊन गेला आणि त्यात उरलेलं ऐकणंही बरंचसं गेलं. बरी झाल्यावर आम्ही पियानोशी बसलो. थोडं वाजवून तिनं हात मांडीवर घेतले. "तुझा सूर आणि माझा सूर आता एकच झाला," ती म्हणाली. मला क्षणभर वाटलं, कौतुकानं म्हणतेय. मग तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्या दोन ओळीसुद्धा तिला आता वेगळ्या होत नव्हत्या. तिनं पियानोचं झाकण लावलं. ती चिडली नव्हती, रडलीही नाही. मला मात्र वाटत राहिलं की हा एक हिवाळा आम्हाला मिळाला, तो एकच का मिळाला. आम्ही तो आधी का मागून घेतला नाही.

आता समोर बसून, सावकाश बोललं तर तिला ओठांवरून कळतं. दूधवालीचं ओरडणंही आता ऐकू येत नाही. ती बिचारी बोटांनी गाय की म्हैस ते विचारते.

गेल्या महिन्यात भात झोडून झालं होतं. ताई जेवणानंतर ओट्यावर ऊन खात बसली होती. मांडीवर ट्रंकेतलं एक जाडजूड पुस्तक होतं, त्या माणसाच्या तरुणपणातल्या मोठ्या रचनेचं संपूर्ण स्वरलेखन. प्रत्येक वाद्याची वेगळी ओळ, एका पानावर ओळींची नुसती दाटी. ती पानं उलटत होती. मला वाटलं, चाळतेय. जवळ गेले तर तिची मान हलत होती, एका बाजूला झुकत होती, आणि डाव्या हाताची बोटं पदरावर चालत होती. ती ऐकत होती. सगळी वाद्यं, एकदम आणि वेगवेगळी.

मी तिच्या डाव्या बाजूला बसले. तिनं पुस्तक थोडं माझ्याकडं सरकवलं आणि बोटानं जागा दाखवली. मी वाचायला लागले. मला पाच रेघांचं सगळं वाचता येतं, आयुष्य त्यात गेलं. पण ही रचना मी कधी मन लावून वाचली नव्हती. पहिली चौकट म्हणून मुलांना सांगायची आणि पुढं जायचं, एवढाच माझा तिच्याशी संबंध. मी वरची ओळ धरली तर खालची सुटायची. तंतुवाद्यं जमवावीत तर कर्णे राहून जायचे.

ताई पानाच्या शेवटाला पोचून थांबली होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"अजून इथंच?" ती म्हणाली. "अगं, तिकडं बासऱ्या सुरू झाल्यासुद्धा."

"झालं माझं," मी ओठ स्पष्ट हलवत म्हटलं. झालं नव्हतं.

तिनं पान उलटलं. बासऱ्यांची ओळ अगदी वर होती, बारीक टिंबांची, एकीतून दुसरी निघत गेलेली. ताईनं डोळे मिटले. मी त्या ओळीवर बोट ठेवून, एकेक सूर मनात म्हणत, तिच्या मागून जात राहिले.